पंचफुलाचे मागचे ब्रेक

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

अन्याय घडला तो आज सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी. मी घड्याळ बघून ठेवलं, पुढे कुणी म्हणायला नको की बाईंना नीट आठवत नाही.

स्थळ, वऱ्हाड मोटरप्रेमी मंडळाचं कार्यालय. म्हणजे सचिव ललित बोंडे यांच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसातलं कोपऱ्यातलं टेबल. १४ जानेवारीला मंडळाची चिखलदरा घाटाची स्पर्धा आहे. गाडीने घाट चढायचा, उतरायचा, वेळ मोजायची. मी अर्ज घेऊन गेले. चालक: संध्या जानराव तायडे, वय ६२, निवृत्त शिक्षिका, भौतिकशास्त्र. गाडी: स्वतः बांधून घेतलेली. बोंड्यांनी अर्ज वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि गोड हसले.

"मावशी, घाट पाहाले या ना तुमी. लेडीजसाठी सावलीत खुर्च्या ठेवून राहिलो यंदा."

मी म्हटलं, बत्तीस वर्षं मी उभ्याने शिकवलं. आता बसायचंच असेल तर स्टिअरिंगमागे बसेन.

तेव्हा त्यांनी नियमांची पुस्तिका काढली. नियम १९: मागचा एक्सल कापून बदललेला असेल तर त्या गाडीला मागेही डिस्क ब्रेक हवेत. आमच्या गाडीला मागे ड्रम आहेत. लाल पेनने अर्जावर आडवी काट, आणि अर्ज परत माझ्या हातात. वर म्हणाले, "मनाले लावून घेऊ नका. चहा घेता?"

चहा घेतला नाही.

वाईट गोष्ट अशी की नियम खरा आहे. मी तो तीनदा वाचला. गाड्यांची तपासणी ७ जानेवारीला. म्हणजे माझ्याकडे छप्पन्न दिवस आहेत.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

वलगाव रोडला नासिरच्या कारखान्यात गेले. नासिर माझा विद्यार्थी, १९८३ची दहावी. भौतिकशास्त्रात एक्केचाळीस गुण, त्यातले सहा माझ्या उदारपणाचे. पण त्याच्या हातात पाना दिला की त्याच्याइतका हुशार मुलगा माझ्या वर्गात दुसरा नव्हता.

गाडी आम्ही तीन वर्षं बांधतो आहोत. चेसिस लिलावातल्या सरकारी जीपची. मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा आस, टेम्पोचा. फार रुंद होता म्हणून नासिरने तो दोन्हीकडून कापून पुन्हा जोडला. बॉडीचा पत्रा पाच वेगवेगळ्या गाड्यांचा. म्हणून नासिरची आई हलीमाबी तिला पंचफुला म्हणते, आणि आता सगळेच म्हणतात.

नासिरला नियम सांगितला.

"ड्रमले काय झालं मॅडम? गुमान थांबते ते."

"नियम एकोणीस."

"अन् हा नियम कोनं बनोला?"

"बोंड्यांनी."

"अन् बोंड्याच्या गाडीले?"

"कंपनीतूनच डिस्क आहेत."

नासिर हसला आणि मिशीवरचं ग्रीस पुसायला गेला, त्यामुळे ते जास्तच पसरलं.

मला मात्र नियम पटतो, हे इथे खासगीत लिहून ठेवते. ड्रम म्हणजे चाकाच्या पोटातलं झाकलेलं भांडं. आतून दोन गुटके त्याला घासतात. घाटाच्या लांब उतारावर ते भांडं तापतं आणि पकड सुटत जाते. डिस्क म्हणजे उघडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा धरतो, त्याला कॅलिपर म्हणतात. थाळीला वारा लागतो, ती निवते. बोंड्यांनी हा नियम माझ्यासाठी उकरून काढला असेल, पण नियमाचा त्यात काही दोष नाही.

दुसरी गोष्ट. कापसाचा भाव पडल्यापासून नासिरकडे बॉडी बांधायला एकही जीप आलेली नाही. ज्यांच्याकडे होत्या त्यांनीही विकल्या. कारखान्यात चार कारागीर होते, आता नासिर एकटा आणि दारात खाटेवर हलीमाबी. त्याचा भाऊ अफनान त्याला सुरतेला बोलावतो आहे. नासिर म्हणतो, संक्रांतीनंतर बघू. घाटात बघ्यांची ही गर्दी असते. पंचफुला तिथे नीट चढली-उतरली तर लोक विचारतील, बांधली कोणी? हे नासिर बोलत नाही. हलीमाबी बोलते. "आधी हे गाडी घाटातून येऊ दे. मंग तुले जायचं तं जाय."

गुरुवार, २३ नोव्हेंबर. अकोला

दिवस सत्कारणी लागला.

आपल्याला साधे कॅलिपर चालत नाहीत. हँडब्रेकही मागच्याच चाकांवर लागतो, म्हणून हँडब्रेकचा दांडा असलेले हवेत. अमरावतीत कुणी असे पाहिलेलेच नाहीत. शेवटी अकोल्याच्या भंगारवाल्या शाकीबचा पत्ता लागला. त्याच्या आवाराबाहेर कर्जवसुलीत ओढून आणलेले ट्रॅक्टर ओळीने उभे होते, काहींच्या बोनेटवर अजून पोळ्याचा गुलाल. नासिर त्यांच्याकडे न बघता आत गेला.

आत एक परदेशी बनावटीची गाडी उताणी पडली होती, चारी चाकं आभाळाकडे. शाकीब म्हणाला, "हायवेवर पलटली बाई. मालकाले खरोचबी नाही आली. गाडीचं मात्र सरबत झालं." मागे डिस्क, कॅलिपर, हँडब्रेकचा दांडा, सगळं शाबूत.

तेवढ्यात जोहरची, दुपारची अजान झाली आणि नासिर नमाजला गेला. त्याच्यासाठी काम कशाला खोळंबायचं? शाकीबच्या माणसाकडून मी डिस्क आणि दोन्ही कॅलिपर सोडवून घेतले. माझ्या लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा प्रयोगशाळेत आम्हाला सांगत, लेबल नसलेल्या बाटलीला हात लावायचा नाही. त्या शिस्तीने मी गाडीच्या बरोबर मागे उभी राहिले, तोंड गाडीच्या नाकाकडे, म्हणजे चालक बघतो तसंच. माझ्या डाव्या हाताच्या चाकावरून निघाला त्या कॅलिपरवर पांढरी पट्टी चिकटवून लिहिलं "डावा". उजव्या हाताचा "उजवा". नासिर परत येईपर्यंत सगळं वर्तमानपत्रात बांधून तयार.

"देखलं? असं काम असते," शाकीब त्याला म्हणाला. मी नम्रपणे गप्प राहिले. मला ते जमलं, याची नोंद करते.

रविवार, ३ डिसेंबर

ड्रमची मागची पत्र्याची ताटली जिथे बोल्टांनी बसते, तिथेच आता कॅलिपर धरणारी जाड पट्टी बसवायची. ही पट्टी बाजारात मिळत नाही, घडवावी लागते. नासिरने अंदाजाने एक कापली. डिस्क फिरवली तर एका बाजूला घासते, दुसऱ्या बाजूला मोकळी.

मी घरी येऊन ड्रॉइंगच्या कागदावर कंपासने एक्सलच्या तोंडाचा नकाशा काढला, चारही बोल्टांची भोकं मधल्या वर्तुळापासून मोजून. तो कागद लोखंडावर चिकटवून नासिरने पुन्हा कापलं. डिस्क फिरली. आवाज नाही.

"मॅडम, शाळेत हे असं कावून नाही शिकवलं?"

"शिकवलं होतं. तू खिडकीतून बाहेर ट्रक मोजत होतास."

"बरोबर हाय," तो म्हणाला. "अठरा होते."

रविवार, १७ डिसेंबर

कॅलिपर चढले. एक किरकोळ वाद झाला, तोही लिहिते.

कॅलिपरला हवा काढायचं एक छोटं तोंड असतं. त्याला निपल म्हणतात. नासिर गाडीखालून बोलला, "मॅडम, निपल तं खाली येऊन राहिलं."

"लेबल काय म्हणतं?"

"लेबल म्हणते डावा."

"तू कुठल्या बाजूला आहेस?"

"डाव्या."

"मग अडलं कुठे?"

मग पान्याचा आवाज आला.

तासाभराने पुन्हा. हँडब्रेकचा दांडा मागे तोंड करून आहे, केबल पुढून येते. मी म्हटलं, परदेशी गाडीचे काहीतरी वेगळे रिवाज असतील. त्याने केबलला एक मोठा वळसा देऊन, सायकलच्या ब्रेकची नळी घालून ती दांड्यापर्यंत पोचवली. त्याच्या कल्पकतेचं मला खरंच कौतुक वाटलं आणि मी तसं सांगितलं. तो नळीला टेप गुंडाळत राहिला.

मंगळवार, १९ डिसेंबर

ब्रेक लागत नाहीत.

नळ्यांमध्ये हवा राहिली की पेडल दबतं, पण जोर चाकापर्यंत पोचत नाही. म्हणून मी पेडल दाबायचं, नासिरने निपल उघडायचं, ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. "दाबा. धरा. सोडा." एकशे दहा वेळा. तरी पेडल कणकेच्या गोळ्यावर पाय दिल्यासारखं आत जातं.

गुरुवार, २१ डिसेंबर

दाबा. धरा. सोडा. माझा उजवा गुडघा सुजला. पेडल तसंच.

शुक्रवार, २२ डिसेंबर

निष्कर्ष उघड आहे. माल सदोष. शाकीबला रजिस्टर पोस्टाने पत्र टाकलं. "आपण एका निवृत्त शिक्षिकेच्या विश्वासाचा फायदा घेऊन दोन निकामी कॅलिपर तिच्या गळ्यात मारलेत. आपला निर्लज्जपणा आपल्या भंगाराहून जुना असावा." शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. चांगलं जमलं आहे.

रविवार, २४ डिसेंबर

आज जिवाला चैन नाही. अफनानने सुरतेहून कळवलं आहे, १६ जानेवारीचं तिकीट काढू का? नासिरने माझ्यासमोर "काढ" म्हटलं आणि मग रिकाम्या कारखान्यात उगाच झाडू मारायला लागला. मी काय करून बसले? हौस माझी, हट्ट माझा. त्याची तीन वर्षं या पत्र्यात गेली आणि आता गाडी तपासणीच्या फाटकापर्यंतही जाणार नाही.

परत येताना मला वाटलं, बोंड्यांच्या खुर्चीत जाऊन बसावं. पाच मिनिटं वाटलं. मग राग आला आणि बरं वाटलं.

मंगळवार, २६ डिसेंबर

जसं घडलं तसं लिहिते, कारण टाळायची फार इच्छा होते आहे.

सकाळी अकराला शाकीब स्वतः अकोल्याहून हजर. खिशात माझं पत्र.

"छत्तीस साल झाले मले भंगारात. लोकाईनं मले चोर म्हटलं, लबाड म्हटलं. निर्लज्ज कोनीच नाही म्हटलं, बाई."

"मी पुराव्याने बोलते. बसा गाडीत, दाबा पेडल."

त्याने दाबलं. पेडल आत गेलं. त्याचा चेहराही जरा उतरला. नासिर गाडीखाली शिरला, बाटली धरली, पुन्हा सुरू झालं. दाबा, धरा, सोडा.

हलीमाबी दारातल्या खाटेवर तांदूळ निवडत होती. आठवडाभर ती हे बघते आहे. ती म्हणाली, "ओ म्याडम, एक बात पुसू?"

"विचारा."

"हे हवा तुमी खालच्या तोंडातून काढून राहिल्या. बुलबुला कधी खाली जाते का? आमच्या हंडीत तं वरच येते."

गाडीखालून नासिरचे फक्त पाय दिसत होते, तेही हलेनात.

बत्तीस वर्षं. दरवर्षी जुलैत, फळ्यावर, मी पाण्यातला बुडबुडा वर जाताना काढला. बाणासकट.

"निपल वर पाहिजे," मी म्हटलं. "मग ते खाली का आलं?"

शाकीब उठला. त्याने पांढरी पट्टी वाचली. "हे कोनं लिहिलं?"

"मी. गाडीच्या मागे उभी राहून, अगदी नीट बघून. डाव्या हाताचा डावा."

"बाई," तो फार हळू आवाजात म्हणाला, जसं कुणाच्या घरी वाईट बातमी सांगावी, "माह्याकडं ते गाडी उताणी होती."

मी खाटेवर बसले. हलीमाबीने तांदळाचं ताट सरकवलं. उताण्या माणसाचा डावा हात कुठे असतो, हे मी मनात एकदा उलट करून बघितलं, मग पुन्हा एकदा. दोन्ही वेळा तो माझ्या उजवीकडेच आला.

नासिर बाहेर आला तेव्हा मी त्याच्यावरच ओरडले. दुसरं काय करणार? "तुला कळलं होतं! मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तुमी म्हनल्या, लेबल वाच."

"मग भांडायचं!"

"तुमच्या अक्षराशी? मॅडम, माह्या दहावीच्या प्रगतिपुस्तकावर हेच अक्षर हाय. 'वर्गात लक्ष नाही.' माह्या अब्बानं ते सहा महिने भिंतीवर लावून ठेवलं होतं. मले अजून भेव लागते त्याचं."

शाकीब पहिल्यांदा हसला. मग हलीमाबी. मग मीही, पण जरा उशिरा.

शाकीबला मी तिथेच लेखी माफी दिली. "निर्लज्जपणा" हा शब्द मी परत घेतला असून तो सध्या माझ्याकडे आहे, असं लिहिलं. त्याने घडी घालून खिशात ठेवली, आधीच्या पत्राबरोबर. म्हणाला, दोन्ही चौकटीत लावतो.

बुधवार, २७ डिसेंबर

डाव्याचा उजवा, उजव्याचा डावा. निपल वर. हँडब्रेकचा दांडा पुढे. केबल सरळ गेली आणि नासिरचा तो सुंदर वळसा कचऱ्यात गेला. तो वळसा घालताना त्याला ठाऊक होतं, हे मला आज कळलं. माझं अक्षर खरं ठरावं म्हणून त्याने चार तास खर्च केले होते. अशा विद्यार्थ्याचं काय करावं?

हवा नऊ वेळा दाबण्यात निघाली. पेडल दगडासारखं.

नव्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली. मी चालवायला, नासिर शेजारी, हलीमाबी मागे, तिचा आग्रहच होता. साठचा वेग, मग पूर्ण ब्रेक. पंचफुला जागच्या जागी थांबली, शेपूट हललं नाही. हलीमाबीचा चष्मा माझ्या मांडीवर येऊन पडला.

"या अल्ला," ती म्हणाली. "पुन्हा करा."

सोमवार, १ जानेवारी २००७

बकरी ईद. कारखाना बंद. नासिरकडे जेवले. सुरतेचा विषय कुणी काढला नाही. अंगणात पंचफुलाला धुऊन, पुसून उभं केलं होतं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याखाली डोकावून मग घरात शिरत होता.

रविवार, ७ जानेवारी

तपासणी. परीक्षक पुंजाजी इंगोले, एसटीच्या डेपोतले निवृत्त फोरमन. फार न बोलणारा माणूस. अंगाखाली पोतं घेऊन पाठीवर झोपून गाडीखाली गेले आणि वीस मिनिटं आले नाहीत. मला वाटलं, झोपले.

बाहेर आले. "ह्या पट्ट्या कोनं कापल्या?"

नासिर पुढे झाला नाही. मी त्याला ढकललं.

"तुमी? कोन्या कंपनीत होते पहिले?"

"कंपनीत नाही जी. वलगाव रोडले."

इंगोल्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतः गाडी पळवली, चुन्याच्या रेषेवर ब्रेक मारला. पहिल्या प्रयत्नात दीड फूट आधी थांबली. हँडब्रेकवर रॅम्पवर उभी केली, हलली नाही. त्यांनी नियम १९ समोर लिहिलं "योग्य" आणि सही केली. त्यांच्याभोवती तोवर पंधरा-वीस माणसं जमली होती. शेंदूरजनाघाटचा एक संत्र्याचा व्यापारी नासिरला विचारत होता, पेट्या न्यायला अशीच एखादी लांब बॉडीची बांधून द्याल का? नासिर म्हणाला, "घाटात पाहा आधी, मंग बोलू." त्याच्या आवाजात एवढा तोरा मी प्रथमच ऐकला.

मग मी सही झालेला कागद बोंड्यांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला. पुस्तिका काढली, चाळली, बंद केली. पुस्तिकेत काही सापडलं नाही हे मला दिसलं.

"ठीक हाय मावशी. कार्यकारिणीत ठेवतो. कळवू."

बुधवार, १० जानेवारी

कळवलं नाही. दोनदा फोन केला. एकदा साहेब बाहेर, एकदा साहेब मीटिंगमध्ये. चालकांची यादी जिनिंगच्या फाटकावर लागली आहे. बावीस नावं. माझं नाही. त्या व्यापाऱ्याने नासिरला फोन करून विचारलं, "तुमची गाडी हाय ना रविवारी?" नासिरने मला विचारलं. मी म्हटलं, आहे. मग हे पत्र लिहिलं. सकाळी स्वतः नेऊन देते. नक्कल इथे:

"मा. सचिव, वऱ्हाड मोटरप्रेमी मंडळ, यांस,

दि. १२ नोव्हेंबर २००६ रोजी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी आपण माझा अर्ज नियम १९ दाखवून फेटाळलात. दि. ७ जानेवारी रोजी आपल्याच परीक्षकांनी त्याच नियमासमोर 'योग्य' लिहून सही केली. त्यानंतर आपण 'कळवू' म्हणालात. 'कळवू' हा नियम पुस्तिकेत नाही. मी शेवटच्या पानापर्यंत पाहिली आहे, छापखान्याच्या नावासकट.

तरी माझं नाव चालक म्हणून आणि श्री. नासिर, वलगाव रोड, यांचं नाव गाडीचे बांधणीकार म्हणून यादीत घालावं. घालायचं नसेल तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी कळवावं. आपलं उत्तर, सही-शिक्क्यासह, शनिवार दि. १३ जानेवारी दुपारी चार वाजेपर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोंडी निरोप, फोन किंवा चहा हे उत्तर धरलं जाणार नाही.

उत्तर न आल्यास मी रविवारी सकाळी साडेसहाला गाडीसह आरंभरेषेवर उभी असेन. गाडी थांबवायला ब्रेक पुरेसे आहेत. मला थांबवायला आपल्याला कागद लागेल.

संध्या जानराव तायडे"